चौकाची पायरी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे नकाशे मिळाले. दोन दिवस टेबलावर पसरूनच ठेवले होते. जाता-येता थांबायचं, एखादा कोपरा पुन्हा पाहायचा. अहमदाबादच्या पोळमधलं, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवस्तीतलं, व्यापारी घराण्याचं जुनं घर तुझ्या पहिल्याच स्वतंत्र कामात वाट्याला आलं, याचा मला फार आनंद झाला. कोरीव खांबांची मोजणी तू मन लावून केली आहेस. पण एक गोष्ट टोचली, ती आधी सांगते. रस्त्याकडचा ओटा म्हणजे ओटलो, आत शिरतानाची खडकी, मधला उघडा चौक, त्यालगतची ओसरी म्हणजे परसाळ आणि सगळ्यात आतली खोली म्हणजे ओरडो, ही पाचही नावं तू नकाशावर नीट लिहिली आहेस आणि पाचही जागांची जमीन एकाच लेव्हलला आणली आहेस.

हीच चूक मी केली आहे, म्हणून लांबण लावते. सुरुवातीच्या वर्षांतलं काम. घरात एक आजी होत्या, गुडघ्यांनी थकलेल्या. चौक परसाळीपेक्षा चांगला फूटभर खोल. मुलगा म्हणाला, सगळं सपाट करून टाका. मी केलं. पहिल्याच पावसात पाणी परसाळीत शिरलं. ते उतार काढून निस्तरलं, पण दुसरं नुकसान निस्तरता आलं नाही. आधी संध्याकाळी घरातल्या बायका परसाळीच्या कडेला बसायच्या, पाय चौकात सोडून. भाजी तिथेच निवडली जायची, मुलांचा अभ्यास तिथेच व्हायचा. ती पायरी म्हणजे घरातलं सर्वांत मोठं बाक होतं आणि मला नकाशात ती नुसती एक रेघ दिसली होती. सपाट केल्यावर तिथे खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर कुणी फार वेळ टिकेना. आजी तर आतल्या पलंगावरच बसू लागल्या. ज्यांच्यासाठी एवढी तोडफोड केली, त्यांचीच बसायची जागा मी काढून घेतली होती. एका कोपऱ्यात दोन उथळ पायऱ्या आणि हाताला धरायला दांडा, एवढ्याने काम भागलं असतं. बाकी तीन बाजू होत्या तशा राहिल्या असत्या.

तेव्हा आधी लेव्हल परत आण. मग पुढचं.

हे घर व्यापाऱ्याचं आहे, हे विसरू नकोस. अशा घरात दिवसभर माणसं येतात: मालाची बोलणी करणारी, उधारी मागणारी, उधारी चुकवणारी, सोयरीक घेऊन येणारी. प्रत्येकाला कुठपर्यंत येऊ द्यायचं, हे घराने न बोलता ठरवलेलं असतं. ओटल्यावर कुणीही टेकावं. ओळखीचा माणूस खडकीत येतो. चौकापर्यंत नात्यातला किंवा फार जुन्या व्यवहारातला. परसाळ घरच्यांची. आणि सगळ्यात आतला ओरडो, जिथे पटारा म्हणजे मोठी लाकडी पेटी आणि दागदागिने असायचे, तो किल्ल्या ज्यांच्या कमरेला त्यांचा. रस्त्याकडून आत जाताना उजेड एकेक टप्प्याने कमी होतो, चौकात एकदम वरून कोसळतो आणि पुन्हा उतरत जातो. माणूस थबकतो तो या उजेडामुळे आणि पायाखालच्या बदलत्या पायरीमुळे. म्हणून दरवाजे दिवसभर सताड उघडे ठेवूनही घर उघडं पडत नाही. जपायचं ते हे आहे. कोरीवकाम सुंदर आहे, जरूर जप, पण ते काढून दुसऱ्या भिंतीला लावता येतं. जुन्या घरांची दर्शनी लाकडं उतरवून विकली जातात, हे तुला ठाऊक आहेच. हा क्रम असा उतरवून नेता येत नाही.

आता तुझ्या जिन्याकडे येते. मालकांना मेडीवर, म्हणजे वरच्या मजल्यावर, पाहुण्यांसाठी दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत, हे ठीकच आहे. घराने स्वतःच्या दुरुस्तीचा खर्च थोडा तरी कमवावा, या मताची मी आहे. पण पुढची खोली मोठी मिळावी म्हणून तू खडकीलगतचा जिना उचलून परसाळीच्या टोकाला नेला आहेस. म्हणजे रात्री अकराला स्टेशनवरून आलेला अनोळखी पाहुणा बॅग ओढत चौक ओलांडणार, घरच्यांच्या अंथरुणांपासून हातभर अंतरावरून जाणार आणि मग वर चढणार. जिना होता तिथेच राहू दे. ज्याने तो खडकीला लावला, त्याचा हिशेब हाच होता. वर येणारा व्यापारी पाहुणा घराच्या पोटातून जाऊ नये.

चौकावर काच टाकायचा मालकांचा आग्रह आहे, असं तू लिहिलंस. इथे मात्र मान खाली घालू नकोस. पोळमधली घरं अरुंद आणि लांब, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुष्कळदा मागचीही. उजेड आणि हवा यायला रस्त्याकडची बाजू आणि हा चौक, एवढंच. अहमदाबादचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. रात्री गच्ची थंड होते, गार हवा जड असते म्हणून चौकात उतरून साठते, आणि चौक खोल व चिंचोळा असल्यामुळे ऊन तळाशी पोचतं ते भरदुपारी, थोडाच वेळ. काच टाकलीस की तापलेली हवा वरच अडकेल, मग एसी लावावा लागेल, मग एसीसाठी खिडक्या बंद होतील आणि बघता बघता पेटी तयार होईल. माकडं आणि चोर यांची भीती असेल, तर लोखंडी जाळी जुनीच पद्धत आहे. उन्हासाठी सरकतं कापड लाव, दिवसा ओढायचं आणि रात्री उघडायचं.

क्योतोच्या व्यापारी घरांचा अभ्यास करताना मला हेच दिसलं. तीही अशीच, तोंड अरुंद आणि खोली भरपूर, पुढे दुकान. एका बाजूने मातीच्या जमिनीची वाट थेट मागेपर्यंत जाते, चुली त्याच वाटेवर, आणि वर छतापर्यंत मोकळी पोकळी. पुढे अनेकांनी सोयीसाठी त्या वाटेवर फळ्यांची जमीन टाकली, वर माळा काढला. जागा वाढली खरी, पण धूर आणि उष्णता बाहेर टाकणारं घराचं नाकच बंद झालं. कुठल्याही व्यापारी घरात रिकामी वाटणारी जागा दिसली की आधी विचार, हिच्यातून काय वाहतं? हवा, पाणी, माणसं की माल?

पाण्याचं तर इथे उत्तर तयारच आहे. चौकालगत पिण्याचं पाणी ठेवायची जागा, पाणियारा आहे, धुण्याभांड्यांची चौकडी आहे, चौकाखाली गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवणारं टाकं आहे. घराने ओल एका जागी बांधून ठेवली आहे. तुझं एक टॉयलेट ओरड्याला चिकटून, सामाईक भिंतीवर आहे. ती भिंत अर्धी शेजाऱ्याची, आत लाकूड, आणि वारा लागायची सोय नाही. गळती कळेपर्यंत वाळवी लागलेली असेल. सगळी ओली कामं चौकडीच्या बाजूला घे, एकावर एक रच, नळ भिंतीत पुरू नकोस, दिसतील असे ने. टाकं साफ करून पुन्हा वापरात आण. साधा गुणाकार करून बघ: गच्ची ४० चौरस मीटर, पाऊस वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर, म्हणजे ३०,००० लिटर. पाचवा भाग वाया गेला असं धरलं तरी २४,००० उरतात. मालकांना काचेऐवजी हा आकडा दाखव.

ओरड्याला खिडकी पाडायचा विचार सोड. त्याचा अंधार हाच त्याचा गुण आहे. उन्हाळ्यात दुपारी तिथे जाऊन बस म्हणजे कळेल. झोपायची खोली म्हणून तो चालणार नाही, पण पुस्तकं, कागदपत्रं, गाद्या, घरातली जपायची वस्तू, या सगळ्याला तिथे जागा आहे.

बांधकामाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे वाडा खणांत मोजतात, तशीच नजर इथे ठेव. दोन खांबांमधलं अंतर हे घराचं माप आहे, नवी भिंत हवी असेल तर ती तुळईच्या रेषेवरच येऊ दे, खणाच्या मध्ये नको. विटांच्या भिंतींत आडवी लाकडं आहेत, ती शोभेची नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात याच शहरात आरसीसीच्या कित्येक इमारती कोसळल्या. लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांनी मात्र बरीच तग धरली, कारण सांधे थोडे हलतात आणि धक्का पचवतात. तू मेडीवर सुचवलेला काँक्रीटचा स्लॅब त्या सांध्यांवर नुसतं वजन आणि ताठरपणा टाकेल. तो काढ. गिलावा चुन्याचाच हवा. जुन्या विटेतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग क्षार फुटतात, लाकडाची टोकं कुजतात.

एवढं सगळं ‘नको’ म्हटल्यावर तुला वाटेल, मला घर होतं तसं गोठवायचं आहे. अजिबात नाही. स्वयंपाकघर तू ज्या धिटाईने बदललं आहेस, ते मला मनापासून आवडलं. धुराने काळवंडलेल्या कोपऱ्यात दिवसभर वाकून काम करणं ही जपण्यासारखी परंपरा नव्हेच. ओटा उभ्याने काम करण्याइतका उंच केलास आणि चौकाकडे तोंड केलंस. पूर्वी तिथे काम करणारी बाई भिंतीकडे पाहायची, आता तिला सगळं घर दिसेल. तो भाग जराही बदलू नकोस.

शहर १४११ मधलं, जागतिक वारशाच्या यादीत आलं २०१७ मध्ये. त्यामुळे परवानग्यांना वेळ लागेल. घर वारसा यादीत आहे का, कुठल्या श्रेणीत आहे, हे महापालिकेत जाऊन आधी बघ. कागद हातात येईपर्यंत एक वीटही काढू देऊ नकोस. तो वेळ फुकट जात नाही, तेवढ्यात घरात राहून घे. मालक ठेवून घेत असतील तर आठ दिवस राहा. सकाळी दूधवाला कुठे थांबतो, दुपारी कोण कुठे आडवं होतं, भांडण झालं की कोण कुठल्या खांबाला टेकून बसतं, हे टिपून ठेव.

आणि पुढच्या वेळी प्लॅन नको, सेक्शन म्हणजे घराचा उभा छेद पाठव. रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत एकच लांब सेक्शन, प्रत्येक पायरी मापासकट, चौकात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठवर येतं त्याच्या खुणा करून. त्यात माणसं काढ, बसलेली. परसाळीच्या कडेला पाय सोडून बसलेली बाई आधी काढ, बाकीचं घर तिच्याभोवती.