करार संपला, भाडं थकलं: दुप्पट भरपाईसाठी दावा लावावा का?

प्रश्न: फ्लॅट ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता, भाडं २२,०००. करार मार्चअखेर संपला, भाडेकरू ऑगस्टअखेर गेला. एप्रिल-मेचं भाडं दिलं, पुढचे तीन महिने काही नाही. ६०,००० अनामत माझ्याकडे आहे. तो म्हणतो, ‘अनामत ठेवा, विषय संपवा.’ वकील म्हणतात दुप्पट मागू, फी ४०,०००. काय करू?

उत्तर: वकिलांचं चुकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यावर करारातल्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाईची जबाबदारी येते. पाच महिन्यांचे होतात २,२०,०००. मिळालेले ४४,००० आणि अनामत वजा केली तरी १,१६,००० उरतात. हा आकडा एकदा डोक्यात बसला की मिटवामिटवी म्हणजे हार वाटते.

पण एप्रिल-मेचं भाडं तुम्ही जुन्याच दराने, मुकाट्याने घेतलंत. ‘मॅडमच राहा म्हणाल्या’ असं तो म्हणणारच. ते दोन महिने सोडून द्या. तीन महिन्यांचे दुप्पट १,३२,०००, अनामत वजा जाता ७२,०००, फी गेली की ३२,०००. तेही निकाल तुमच्या बाजूने लागला तर. हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. त्याने दिले नाहीत तर वसुलीची दरखास्त वेगळी, आणि तेव्हा त्याची नोकरी कुठे, खातं कुठे, हे तुम्हीच शोधायचं.

तुमच्या जागी मी दावा लावला नसता. साधं थकलेलं भाडं ६६,०००, हातात ६०,०००. वरचे ६,००० आणि शेवटचं लाइटबिल मागा. ते खात्यात जमा झाल्याशिवाय ‘काही येणं नाही’ असं लिहून देऊ नका. (अनामतीतून वळतं केलेलं भाडंही उत्पन्नच, रिटर्नमध्ये दाखवा.)

तो टाळाटाळ करू लागला तरी घाबरून वकीलपत्रावर सही नको. थकीत भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, मात्र ती दर महिन्याची वेगळी मोजतात. जूनचं भाडं आधी मुदतबाह्य होईल. दरम्यान त्याच्याकडून थकबाकीची सहीनिशी कबुली घेतलीत, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते.

त्याने उलट अनामतच परत मागितली, तर मात्र माझं मत बदलेल. मग वकिलांना खुशाल नोटीस काढू द्या, पहिल्याच परिच्छेदात कलम २४ घालून.