लिमिटर काढून रडार चालवू का?

प्रश्न : आमच्या ट्रॉलरवर 4 किलोवॉटचं रडार आहे. दुरुस्तीवाला म्हणतो लिमिटर (रिसीव्हरला जादा पॉवरपासून वाचवणारा भाग) उडालाय, नवीन येईपर्यंत तो काढून डायरेक्ट जोडू, मध्ये सर्क्युलेटर आहेच. चालेल का? आणि अँटेना एकच असताना रिसीव्हर जळत कसा नाही? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नका चालवू, पाच मिनिटंसुद्धा नको.

सर्क्युलेटर म्हणजे तीन तोंडांचा डबा, आत फेराइटची चकती आणि तिच्यावर चुंबक. त्या चुंबकामुळे लहर घाण्याच्या बैलासारखी एकाच बाजूने फिरते आणि पुढचं तोंड आलं की बाहेर पडते, म्हणजे मॅग्नेट्रॉनची (रडारची लहर तयार करणाऱ्या नळीची) पॉवर अँटेनाला आणि समोरच्या वस्तूवर आपटून अँटेनावर परत आलेला इको रिसीव्हरला. वीज लागत नाही, आत काही हलत नाही, मला अजूनही हा डबा हातात घेतला की भारी वाटतं.

पण तो सगळं अडवत नाही हो. आयसोलेशन, म्हणजे नको त्या तोंडाकडे जाणारी पॉवर अडवायची ताकद, साधारण 20 डीबी धरा, म्हणजे शंभरावा हिस्सा निसटतोच, 4000 वॉटमधले 40 वॉट. त्याहून वाईट म्हणजे अँटेनाचा व्हीएसडब्ल्यूआर (अँटेना किती नीट जुळलाय याचं माप, 1 म्हणजे अचूक) 1.5 असला तरी 4 टक्के पॉवर परत फिरते, आणि अँटेनाकडून येईल ते रिसीव्हरला द्यायचं हेच सर्क्युलेटरचं काम, ती आपलीच पॉवर आहे हे त्याला कुठून कळणार! ते झाले 160 वॉट, आणि रिसीव्हरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरला एक वॉटसुद्धा झेपत नाही.

म्हणून लिमिटर. त्यातले पिन डायोड पल्स आली की शॉर्ट होतात आणि ती गेली की लगेच मोकळे होतात, व्हायलाच हवेत, कारण एका सागरी मैलावरचा इको 12 मायक्रोसेकंदांत परत येतो. मोबाइल टॉवरला बऱ्याच बँडवर पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी असते म्हणून तिथे फिल्टरवाला डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा भाग) चालतो, रडारचा इको मात्र त्याच फ्रिक्वेन्सीवर येतो.

आणि लिमिटर उडाला का ते आधी शोधा, नाहीतर नवीनही जाईल. सप्लाय बंद करून रेडोम (अँटेनावरचं कव्हर) उघडा, गॅस्केट बघा, वेव्हगाइडच्या (लहर नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीच्या) जॉइंटमध्ये खारं पाणी किंवा हिरवट गंज दिसला तर परतणारी पॉवर तिथूनच वाढलीय असं समजा. लोखंडी पाना त्या चुंबकांजवळ नेऊ नका.