आधी पाणी विचार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण सोबत पाठवलेली यादी मी दोनदा बारकाईने वाचली. जगातली पन्नास प्रसिद्ध स्थळे तू लिहून काढली आहेस. प्रत्येकापुढे देश, बांधणारा राजा, शतक आणि ऐतिहासिक महत्त्व अशी चार घरे आखली आहेस आणि शेवटच्या घरात बहुतेक ठिकाणी ‘वास्तुकलेचा उत्कृष्ट नमुना’ एवढेच भरले आहेस. साक्री तालुक्याबाहेर फारसे काही न पाहिलेल्या मुलीने जगातल्या स्थळांविषयी लिहिण्याचे धाडस करावे का, असे तू शेवटी विचारतेस. जरूर करावे, असे माझे मत आहे; मात्र ही यादी बाजूला ठेवून करावे.

मी तीस वर्षे इतिहास शिकवला, आणि त्यातली पहिली बरीच वर्षे तुझ्या यादीसारखाच शिकवला. एका हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन अजिंठ्याला गेले होते. फर्दापूरला पोहोचायला उशीर झाला म्हणून मी मुलांना दोन तासांत सगळ्या लेण्यांमधून पळवत नेले आणि प्रत्येक लेण्यासमोर उभे करून क्रमांक, काळ आणि राजवंश वह्यांत उतरवून घेतला. परतताना सहावीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘बाई, इथे एवढे भिक्खू राहायचे, तर ते पाणी कुठून आणायचे?’’ मला उत्तर देता आले नाही, आणि त्याची चुटपूट अनेक दिवस राहिली. पुढे कळले, की लेण्यांतून खाली वाघूर नदीपर्यंत उतरायला पूर्वी स्वतंत्र पायऱ्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक काळाच्या ओघात ढासळल्या. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे, असा नियम होता. त्यासाठी नदीच्या त्या घोड्याच्या नालेसारख्या वळणात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले, आणि मोठ्या खंडानंतर पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात ते पुन्हा जोमाने चालले. त्या मुलाच्या प्रश्नामुळे हा सगळा इतिहास मला पहिल्यांदा पायऱ्या उतरणाऱ्या माणसांच्या रूपात दिसला. तेव्हापासून कुठल्याही स्थळाविषयी वाचताना माझा पहिला प्रश्न पाण्याचा असतो, आणि तुलाही मी तोच देते.

तुझ्यासाठी तर हा प्रश्न घरचा आहे. तुझे आजोबा पांझरा नदीच्या फडावर पाटकरी होते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या शेताचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाळीप्रमाणे पाणी सोडणारा पाटकरी सर्व शेतकऱ्यांनी मिळून नेमलेला, ही व्यवस्था आपल्या खानदेशात शतकानुशतके चालली. ज्या घरात पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणे आणि ती मिटवण्याच्या रीती जेवताना कानावर पडतात, त्या घरातली मुलगी जगाविषयी कोरी आहे, असे मी मानत नाही.

स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहराचे उदाहरण घे. तुझ्या यादीत ते नाही, पण असायला हवे. तिथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्य चर्चच्या ‘प्रेषितांच्या दारा’समोर आठ जण काळे झगे घालून गोलाकार बसतात. तुरिया नदीवरून निघालेल्या आठ पाटांच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले हे प्रतिनिधी असतात. पाण्याची पाळी कुणी मोडली, पाट कुणी फोडला, याच्या तक्रारी ते तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. आरोप ज्याच्यावर असेल त्याच्या पाटाचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. ही परंपरा मूर, म्हणजे स्पेनमधल्या मध्ययुगीन मुस्लिम, राजवटीपासूनची मानली जाते, आणि २००९ साली युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. तुझ्या आजोबांना हे वाचून दाखव. त्या दारापुढची मंडळी काय ठरवत असतील, हे त्यांना एखाद्या प्राध्यापकापेक्षा लवकर उमजेल.

आता जवळच्या बऱ्हाणपूरकडे ये. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळात ती खानदेशची राजधानी होती, आणि १६०१ मध्ये जवळचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती गेल्यावर मोगलांचे दक्षिणेतले मोठे ठाणे झाली. तिथला कुंडी भंडारा मी पन्नाशी उलटल्यावर पाहिला, याची खंत वाटते. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी बोगद्यात गोळा करायचे आणि निव्वळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचे, अशी ही योजना १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत एका इराणी जाणकाराने उभी केली. वर पाहिले तर माळावर ओळीने विहिरींची तोंडे दिसतात, त्याच कुंड्या. भर उन्हात मी एका कुंडीवर वाकले, तेव्हा खालून गार हवेचा झोत तोंडावर आला आणि बऱ्याच खोलवर पाण्याची पुसटशी चकाकी दिसली. पाणी दिसण्याआधी त्याचा आवाज कानावर आला. खाली उतरल्यावर बोगद्याच्या भिंतीवर चुन्याचे थर साचून पांढरट झालेले दिसले, आणि पाणी घोट्याशी इतके संथ वाहत होते की ते चालते आहे हे पायालाच कळत होते.

ही विद्या इराणातल्या कनातांची. डोंगरापाशी एक मूळ विहीर खणायची, तिथून अत्यंत कमी उताराचा बोगदा वस्तीपर्यंत न्यायचा, आणि माती काढायला व हवा खेळायला वाटेत उभ्या विहिरी ठेवायच्या. ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. २०१६ साली इराणमधल्या अकरा कनातांना जागतिक वारशात स्थान मिळाले. कनाताच्या पाण्याचे वाटे वेळेवर मोजत, आणि त्यासाठी बुडाला बारीक छिद्र असलेला वाडगा मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवत. तो भरून बुडाला की एक माप संपले. लग्नाचा मुहूर्त साधायला आपल्याकडे जे घटिकापात्र ठेवत, त्याचाच हा सख्खा भाऊ. बऱ्हाणपूरची कुंडी आणि इराणच्या वाळवंटातली विहीर यांना जोडणारा धागा तुला अशा वस्तूंतून सापडेल. राजांच्या यादीतून तो हाती लागणार नाही.

त्याच बऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये मुमताजमहलचे निधन झाले आणि तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल आधी तापीकाठीच व्हायचा होता, असे बऱ्हाणपुरात मोठ्या प्रेमाने सांगतात. ते ऐकून घे, लिहिताना मात्र ऐकीव म्हणूनच लिही. दफनाला आधार आहे, या गोष्टीला नाही, आणि दोन्ही एकाच वाक्यात एकाच सुरात आले, तर वाचकाचा विश्वास दोन्हींवरून उडतो.

इतर स्थळांनाही हाच प्रश्न विचारून पाहा. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचे वर्णन सर्वत्र आढळते, पण तिच्याजवळच सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेले जमिनीखालचे टाके आहे, ३३६ खांबांचे. पुढे लोक त्याला विसरले. सोळाव्या शतकात पेत्रुस गिलियस नावाचा फ्रेंच अभ्यासक तिथे गेला, तेव्हा लोक घरातल्या जमिनीच्या भोकांतून बादली सोडून पाणी काढत आणि मासेही धरत, पण खाली काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हते. जॉर्डनमधल्या पेट्रा या कड्यांत कोरलेल्या प्राचीन शहराची गोष्ट अधिक करुण आहे. तिथे पाऊस अगदी थोडा पडतो, पण पडला की अरुंद घळीतून लोंढा येतो. म्हणून ते शहर वसवणाऱ्या नबाती लोकांनी घळीच्या तोंडाशी बांध घालून आणि बोगदा खोदून पूर बाहेर वळवला होता, आणि पिण्याचे पाणी कड्याच्या कडेने मातीच्या नळांतून आत आणले होते. तो बांध काळाच्या ओघात मोडला. १९६३ साली अचानक आलेल्या पुरात त्या घळीत वीसहून अधिक पर्यटकांचा बळी गेला, आणि त्यानंतर जुन्या बांधाच्याच जागी नवा बांध घालावा लागला. कंबोडियातल्या अंगकोरचा पश्चिम बाराय हा तलाव सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. मंदिरांची छायाचित्रे पाहताना तो कुणाच्या नजरेत येत नाही.

मोहेंजोदडोपाशी तर तुझ्या यादीतले राजाचे घर रिकामेच राहील. तिथल्या एकाही राजाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तरी शहरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज आहे, आणि महास्नानगृहाच्या विटांना पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. राजाचे नाव नसले तरी महत्त्व उणे होत नाही, एवढे या एका स्थळावरून पटावे.

इथे तू ‘त्याचा पाण्याशी काय संबंध?’ म्हणून पिरॅमिडचा दाखला देशील, आणि तो योग्यच आहे. इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी झालेल्या फ्रॉन्टिनसने आपल्या जलवाहिन्यांची तुलना ‘निरुपयोगी’ पिरॅमिडांशी करून अभिमान मिरवला होता. त्याचा अभिमान मला समजतो, पण पिरॅमिडकडे त्याने घाईने पाहिले, असे मला वाटते. २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचे, तुकडे सापडले. लिहिलेले याहून जुने पपायरस अजून मिळालेले नाहीत. त्यांत मेरेर नावाच्या माणसाची रोजनिशी आहे. राजा खुफूच्या काळात, साडेचार हजार वर्षांपूर्वी, सुमारे चाळीस माणसांची टोळी घेऊन तो तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरायचा आणि नाईल व तिच्या कालव्यांतून गिझाला पोहोचवायचा. दहा दिवसांत दोन-तीन खेपा व्हायच्या. आपल्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. टोळी, खेप, मुक्काम यांचा हिशेब ठेवणाऱ्याला आपण मुकादम म्हणतो. मेरेर हा तोच माणूस. त्याच्या रोजनिशीत पिरॅमिडचे कौतुक नाही. आज कुठे भरले, रात्र कुठे काढली, एवढेच आहे. पिरॅमिडही पाण्यावरूनच उभा राहिला, हे त्या कोरड्या नोंदींमुळे कळते. माझ्या मते त्या महाकाय दगडांइतकेच मोल या चिटोऱ्यांचे आहे.

तुझ्या यादीतला एक शब्द मात्र मला खटकला, आणि तो तू वारंवार वापरला आहेस: ‘शोध लावला’. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीला गेला असताना अजिंठ्याची लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरले. पुढच्या वेळी गेलीस तर ते नाव मान वर करून शोध, कारण तो साचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर उभा होता आणि आता तो ढिगारा काढलेला आहे. परिसरातल्या लोकांना लेणी माहीत होतीच. १८१२ मध्ये स्विस प्रवासी बुर्कहार्ट पेट्राला पोहोचला तेव्हा तिथे बदाऊनी, म्हणजे भटके अरब, वस्ती करून होते. १८६० मध्ये फ्रेंच प्रवासी हेन्री मूओ अंगकोरला गेला तेव्हा तिथे बौद्ध भिक्खू राहत होते. १९११ मध्ये अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम पेरूमधल्या माचू पिचूला चढला तेव्हा तिथल्या जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात कुटुंबे पीक काढत होती. या माणसांनी त्या जागा दूरच्या वाचकांपर्यंत नेल्या, हे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे. ‘शोध लावला’ ऐवजी ‘पाहून जगाला कळवले’ असे लिहिलेस, तर तिथे आधीपासून राहणाऱ्यांवर अन्याय होणार नाही.

कामाविषयी थोडे सांगते. धुळ्याला जाणे झाले, की राजवाडे संशोधन मंडळात जात जा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले, आणि त्यांनी जमवलेले कागद जपण्यासाठी १९२७ साली हे मंडळ उभे राहिले. एक जुना कागद समोर घेऊन त्यात काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे ओळखण्याची सवय लागली, की पेट्राविषयीचे इंग्रजी पुस्तकही तू वेगळ्या नजरेने वाचशील.

त्याआधी मात्र घरचे काम आहे. आजोबांचे वय झाले आहे, म्हणून ते लांबवू नकोस. त्यांच्यासोबत बंधाऱ्यापासून पाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत एकदा चालत जा. कुठल्या फडाला काय म्हणत, पाळी कशी ठरे, दुष्काळी वर्षात कुणाचे पाणी आधी तोडले जाई, पाट फोडणाऱ्याला काय शिक्षा असे, हे त्यांच्याच अहिराणीत शब्दशः उतरवून घे आणि प्रमाण मराठी करण्याची घाई करू नकोस. पावले मोजून पाटाचा नकाशा काढ. तो नकाशा आणि त्या नोंदी मला दसऱ्यापर्यंत पाठव. त्यांच्या शेजारी वॅलेन्सियाच्या आठ पाटांचा नकाशा ठेवून तुझा पहिला लेख आपण दोघी मिळून सुरू करू. माझ्याकडे तो एका जुन्या पुस्तकात आहे, तो मी काढून ठेवते.

घरी सर्वांना नमस्कार, आजोबांना विशेष.

तुझी,
बाई