गणित सुटावं म्हणून गाणं नको

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीला. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षांपैकी प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम झाल्या आहेत, गावच्या सप्ताहात हरिपाठाला हिचाच आवाज वर असतो. गणितात मात्र सहामाहीला काठावर पास. आई विचारतात, "दहावीला गणिताऐवजी संगीत घेता येईल का? कोल्हापूरच्या भाच्याला गाण्याच्या परीक्षांचे जादा मार्क मिळाले, मग हिला का नाहीत? तिचे बाबा तर म्हणतात, गाऊन पोट भरत नाही."

ताई, नको ते आधी सांगून टाकतो. आपल्या कर्नाटकाच्या दहावीला, म्हणजे एसएसएलसीला, तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाज विज्ञान असे सहा पेपर, एकूण ६२५ मार्क. गणिताच्या जागी संगीत घ्यायची सोय तुमच्या मुलीसारख्या विद्यार्थिनीला नाही. भाच्याचे जादा मार्क महाराष्ट्र बोर्डाचे. हद्द ओलांडली की ते नियम संपतात, आणि गंधर्वचं प्रमाणपत्र इकडच्या मार्कलिस्टवर चढत नाही. सीबीएसईत हिंदुस्थानी संगीत नववीपासून ऐच्छिक विषय आहे, पण शाळेनं तो ठेवला असेल तरच. आणि तेवढ्यासाठी नववीत मुलीचं माध्यम आणि बोर्ड दोन्ही बदलू नका.

म्हणजे आत्ता विषय निवडायचाच नाहीये, रोजचा वेळ निवडायचाय.

आता गणिताचं. तुमच्या पत्रात गाण्यापेक्षा गणिताची भीतीच जास्त दिसली, म्हणून मुद्दाम लिहितो. मुलीला एक करायला सांगा. झपताल दहा मात्रांचा. त्याच्या ठेक्याची, म्हणजे बोलांची, तिगुण (तिप्पट लयीत) एकदाच म्हणायची आणि बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं, तर कुठून उचलायची? तिगुणीत अख्खा ठेका तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रांत बसतो. म्हणजे सहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा सोडून सुरुवात. हे तालाच्या लिपीत लिहून दाखवायचे प्रश्न गंधर्वच्या पुढच्या परीक्षांत येतात आणि चांगल्या गळ्याची मुलं तिथंच अडखळतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला अपूर्णांक कळले ते हातावर टाळी-खाली धरून, फळ्यावर कळले नव्हते. तुमच्या लेकीचंही तसं होईल, कोण जाणे. पण गणितापासून पळून गाण्यात शिरली, तर ते तिथंही वाट अडवून उभं असणार.

गंधर्वच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा. तिच्या दोन झाल्या, पाच राहिल्या. सत्रं वर्षातून दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. दहावीच्या वर्षी एप्रिलचं सत्र सोडून द्या, काही बिघडत नाही. रियाज मात्र सोडू नका. सकाळी अर्धा तास, मोबाईलवर तानपुरा लावून नुसता सा आणि खर्ज. मिरजेचा तानपुरा आत्ताच घेऊ नका, हौसेनं घेतलेले तानपुरे खोळीत झोपलेले मी पुष्कळ पाहिलेत. आणखी एक, केंद्राच्या सीसीआरटी या संस्थेची सांस्कृतिक शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असते. तिचं वय अजून बसत असेल तर याच आठवड्यात चौकशी करा.

खरा निर्णय दहावीनंतर. पीयूच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, ऐच्छिक विषयांत हिंदुस्थानी संगीत आहे, पण यादीत विषय असणं वेगळं आणि कॉलेजात शिकवणारा माणूस असणं वेगळं. फॉर्म भरण्याआधी जाऊन वर्ग बघून या. नसेल तर आर्ट्स किंवा कॉमर्स घेऊन गाणं गुरूकडे चालू ठेवता येतं. पुढे संगीताच्या पदवीसाठी धारवाड आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. माझा कल धारवाडकडे. तिथं बंदिश ब्रजमधली असली तरी "इथं चुकलीस, परत म्हण" हे कन्नडातूनच ऐकावं लागेल, म्हणून कन्नडचा पेपर नुसता पास होण्यापुरता करू नये. सीमाभागातलं आपलं म्हणणं आपल्या जागी, पण गाण्यानं ही हद्द कधी फारशी मानली नाही. धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर शिकायला मिरजेत नीलकंठबुवांकडे होते. कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीचे.

आता बाबांचा प्रश्न. त्यांचं चुकत नाही. मैफलींवर घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण गाण्याचं पोट मैफलीच्या बाहेरही भरतं. कागवाडला जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे बेळगावात राहूनच मोठमोठ्या गवयांना हार्मोनियमची साथ करत आणि आयुष्यभर विद्यालय चालवत. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांसाठी संगीत शिक्षकाचं पद असतं, त्याला संगीतातली पदवी मागतात. विशारद त्या पदवीच्या बरोबरीची धरतात की नाही, हे दर भरतीच्या जाहिरातीवर असतं, म्हणून विद्यापीठाची पदवी हातात असलेली बरी. कॉलेजात शिकवायचं तर एमए आणि नेट. आकाशवाणी धारवाडची ऑडिशन आहेच, पण त्यातून महिन्याचा पगार मिळत नाही, एवढं बाबांना आधीच सांगून ठेवा. शिवाय गाण्याबरोबर हार्मोनियमवर हात बसवा. गाणारे खूप, साथीला माणूस शोधावा लागतो.

मे महिन्यात बेळगावला याल तेव्हा मुलीला घेऊन या. येताना वहीत झपतालाची तिगुण लिहून आणायला सांगा. बाबाही आले तर बरं, टाळी धरायला कुणीतरी लागेलच.