ग्रहांच्या छायाचित्रांतील नॉइज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गुरूच्या व्हिडिओतील सर्वोत्तम १० टक्के फ्रेम्स स्टॅक करतो (एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतो), पण शार्पनिंग करताच चित्र दाणेदार दिसू लागते. असे का होते?

उत्तर : १० टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती फ्रेम्स, हे आधी पाहावे. नॉइज, म्हणजे चित्रातील अनियमित दाणेदारपणा, फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १०० फ्रेम्सच्या सरासरीत तो दहाव्या हिश्श्यावर येतो, तर २,५०० फ्रेम्सच्या सरासरीत पन्नासाव्या. वेव्हलेटचे (तपशील आकारानुसार स्तरांत विभागून उठावदार करणाऱ्या शार्पनिंगचे) बारीक स्तर वाढवले की गुरूच्या पट्ट्यांबरोबर हा उरलेला नॉइजही उफाळतो. हवा स्थिर असलेल्या रात्री ४०-५० टक्के फ्रेम्स घेण्यास हरकत नाही. हवा अस्थिर असताना मात्र वाढीव फ्रेम्स तपशील पुसून टाकतात, तेव्हा कमी फ्रेम्स घेऊन शार्पनिंग आवरते ठेवणेच इष्ट. एकाच व्हिडिओचे १०, २५ आणि ५० टक्क्यांचे स्टॅक करून त्यांवर सारखेच शार्पनिंग करून पाहावे. योग्य प्रमाण डोळ्यांना लगेच कळते.

प्रश्न : मग व्हिडिओच दहा मिनिटांचा घेतला तर?

उत्तर : गुरूच्या बाबतीत हे जमणार नाही. तो सुमारे ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे पृथ्वीच्या जवळ असताना त्याच्या बिंबाच्या मध्यावरील तपशील मिनिटाला जवळजवळ पाव विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकतो आणि २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीची विभेदनक्षमताच (वेगळा ओळखता येणारा सर्वांत बारीक तपशील) सुमारे ०.६ विकला असते. म्हणून दोन-दोन मिनिटांचे अनेक व्हिडिओ घ्यावेत, प्रत्येकाचा वेगळा स्टॅक करावा आणि ‘विनज्यूपॉस’ या सॉफ्टवेअरमध्ये परिवलनाची दुरुस्ती करून ते एकत्र करावेत. मंगळाला २४ तास ३७ मिनिटे लागतात, तेथे बरीच सवड मिळते.

प्रश्न : नॉइज टाळण्यासाठी गेन (कॅमेऱ्याने संकेत वाढवण्याचे प्रमाण) कमी ठेवावा का?

उत्तर : हा समज फार रूढ आहे, पण खरे कारण प्रकाशाची कमतरता हे असते. गेन कमी करून एक्स्पोजर तेवढेच ठेवले, तर प्रकाश काही वाढत नाही. उलट बहुतेक सीमॉस कॅमेऱ्यांत जास्त गेनवर रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा नॉइज) घटतो. हवेची थरथर गोठवील इतके छोटे एक्स्पोजर आधी ठरवावे, मग हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) ५० ते ७० टक्क्यांपर्यंत पोहोचेल एवढा गेन द्यावा. एकेक फ्रेम खरखरीत दिसली तरी चिंता नको.

प्रश्न : शेवटी नॉइज घटवणारे सॉफ्टवेअर वापरावे का?

उत्तर : अगदी हलक्या हाताने, आणि शक्यतो वेव्हलेटच्या सर्वांत बारीक स्तरापुरतेच. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने ग्रहावर नसलेले तपशीलही रंगवू शकतात, त्यामुळे मूळ १६-बिट स्टॅक जपून ठेवावा आणि संशयास्पद ठिपका त्याच्याशी ताडून पाहावा.