शाळेच्या आयकार्डचे शेकडो फोटो एकेक करून क्रॉप करतोय. फोटोशॉपमध्ये हे आपोआप करता येतं का?

येतं. तुम्ही लिहिलंय की एका शाळेच्या 640 मुलांचे फोटो काढलेत, आयकार्डासाठी ते 35 बाय 45 मिलिमीटर मापात हवेत, आणि तीन रात्री जागून जेमतेम दीडशे कापून झालेत. उरलेले हाताने कापू नका. आमचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ आहे. शाळा सुरू झाल्या की दीड-दोन महिने हेच काम असतं आणि ते आम्ही फोटोशॉपच्या ॲक्शनवर करतो. ॲक्शन म्हणजे एकदा करून दाखवलेल्या पायऱ्या नोंदवून ठेवायच्या आणि त्याच पुढच्या फोटोंवर आपोआप चालवायच्या. ही सोय 1996 सालच्या फोटोशॉप 4 पासून आहे. तरीही अनेक स्टुडिओंत पोरं रात्र रात्र बसून एकेक फोटो कापताना दिसतात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात आधी मूळ फोटोंची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय. सुरुवातीच्या काळात मी बॅचच्या, म्हणजे पूर्ण फोल्डरवर ॲक्शन चालवणाऱ्या सोयीच्या, खिडकीत ‘सेव्ह अँड क्लोज’ निवडून काम सोडून दिलं होतं. त्या पर्यायात कापलेला फोटो मूळ फाइलवरच लिहिला जातो. चौकट चुकीची बसली होती, पूर्ण वर्गाची डोकी कापली गेली, आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्डही रिकामं करून झालं होतं. शाळेत परत जाऊन चौथीच्या मुलांना पुन्हा उभं करावं लागलं.

आता ॲक्शन. एक फोटो आधीच उघडून ठेवा, म्हणजे ‘ओपन’ची पायरी रेकॉर्डमध्ये येणार नाही. एडिट मेनूतून प्रेफरन्सेस, तिथे युनिट्स अँड रुलर्समध्ये जाऊन रुलरचं एकक ‘परसेंट’ करा. बहुतेकांचं इथेच चुकतं. क्रॉपची चौकट कुठून कुठपर्यंत, हे फोटोशॉप रुलरच्या एककात लिहून ठेवतं. एकक पिक्सेल असेल तर ‘डावीकडून 800 पिक्सेल’ अशी नोंद होते, आणि कमी पिक्सेलच्या फोटोवर तीच चौकट भलतीकडे जाऊन बसते. टक्क्यांत नोंद झाली की फोटो लहान असो वा मोठा, चौकट त्याच जागी बसते. फक्त फोटोचं प्रमाण सारखं हवं. डीएसएलआरचा फोटो बहुधा 3:2 असतो, मोबाइलचा 4:3. कुणा शिक्षकांनी मोबाइलवर काढलेले फोटो मध्ये मिसळले असतील तर त्यांचं फोल्डर वेगळं करा आणि ॲक्शनही वेगळी बनवा.

मग ऑल्ट आणि एफ9 दाबून ॲक्शनची पट्टी उघडा, नवी ॲक्शन घ्या, रेकॉर्ड सुरू करा. क्रॉप टूलमध्ये रुंदी 35 मिमी, उंची 45 मिमी, रिझोल्यूशन 300 (पिक्सेल प्रति इंच) टाका. म्हणजे फोटो साधारण 413 बाय 531 पिक्सेलचा होऊन बाहेर पडतो. वरच्या पट्टीतल्या ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’वर खूण असू द्या. ती नसेल तर कापलेला भाग नुसता लपतो आणि बॅकग्राउंडचा साधा लेयर होऊन बसतो. चौकट लावून एंटर दाबा आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबवा. सेव्ह किंवा क्लोज रेकॉर्ड करू नका.

सेव्ह करायचं काम ‘इमेज प्रोसेसर’वर सोपवा. फाइल मेनूत स्क्रिप्ट्स, त्यात तो सापडेल. फोल्डर दाखवायचं, जेपीईजीवर खूण करायची, क्वालिटी 10 किंवा 12 ठेवायची, खाली ‘रन ॲक्शन’मध्ये आपली ॲक्शन निवडायची आणि रन. तो आत जेपीईजी नावाचं नवं फोल्डर करून सगळं तिथे टाकतो, मूळ फाइलला हात लावत नाही आणि फाइलचं नाव तेच ठेवतो. बॅचनेही हे होतं, पण त्यात ‘ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स’ नावाचा एक चौकोन आहे. त्यावर खूण केली आणि ॲक्शनमध्ये सेव्ह ॲजची पायरीच नसली, तर फोटो उघडतात, कापले जातात, बंद होतात आणि सेव्ह एकही होत नाही. नवशिक्यांची अर्धी संध्याकाळ यात जाते, म्हणून मी इमेज प्रोसेसरच सुचवतो.

पण तुमचे फोटो आधीच काढून झालेत आणि सगळी मुलं एकाच जागी उभी नसणार. त्यासाठी ॲक्शनच्या पट्टीत ‘क्रॉप’ या पायरीच्या डावीकडे एक छोटा चौकोन असतो, त्यावर क्लिक करा. तिथे संवाद-खिडकीचं चिन्ह येतं. आता प्रत्येक फोटोला ॲक्शन क्रॉपपाशी थांबेल, चौकट तयार मांडलेली असेल, तुम्ही ती चेहऱ्यावर जरा सरकवून एंटर दाबायचं. उघडणं, माप टाकणं, सेव्ह, बंद, सगळं यंत्र करतं आणि नजरेचं काम तेवढं तुमच्याकडे राहतं. बाकीचे फोटो असेच करा. एका बैठकीत होतील.

फोटोशॉप नसेल तर इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरच्या बॅच कन्व्हर्जनमध्ये, ॲडव्हान्स्ड पर्यायांत, क्रॉप आहे. घरी वापरायला तो फुकट आहे. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर ओपनसीव्ही या तिच्यातल्या तयार साधनाने चेहरा शोधून त्याभोवती चौकट लावता येते, पण त्यातून आलेला प्रत्येक फोटो डोळ्यांखालून घालावाच लागतो. पगडी, हिजाब, चकाकणारा चष्मा, मान खाली घातलेलं मूल, अशा ठिकाणी ते हमखास चुकतं. ते कार्ड मूल वर्षभर गळ्यात घालणार असतं. हनुवटी कापलेला फोटो मी तरी शाळेला देणार नाही.

पुढच्या शाळेला मात्र निम्मं क्रॉपिंग कॅमेऱ्यामागेच करा. ट्रायपॉड हलवायचा नाही, झूम बदलायचा नाही, लेन्सवर चिकटपट्टी लावून टाका. मुलाने कुठे उभं राहायचं तिथे फरशीवर पट्टी. पहिलीचं मूल आणि दहावीचं मूल एका चौकटीत बसत नाही, म्हणून आम्ही उंचीप्रमाणे चार गट करतो: पहिली-दुसरी, तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी. गट बदलला की ट्रायपॉडची उंची बदलायची आणि नवं फोल्डर सुरू करायचं. चार फोल्डर, चार ॲक्शन. त्यातही एखादं मूल वर्गात फारच उंच किंवा ठेंगणं असतं, त्याला शेवटी वेगळं घ्या. रांगेतून बाजूला काढताना सगळ्यांसमोर उंचीचा उल्लेख करू नका, नुसतं ‘तू जरा थांब, तुझा नंतर’ म्हणा.

डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून फोटो काढा. कापायला जागा असेल तर चौकट थोडी चुकली तरी निभावतं.

आणि ट्रायपॉडची उंची, पट्टीपासूनचं अंतर आणि झूम वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी दहा-पंधरा मुलं गैरहजर असतातच. त्यांच्यासाठी आठवड्याने परत जाल तेव्हा तेच अंतर, तीच उंची लावायची, म्हणजे तीच ॲक्शन त्या फोटोंवरही चालते.