नोकरी सोडू नका, तिकीट काढा

जुळे सोलापुरात आईसोबत राहणाऱ्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. त्याचा गोषवारा देतो. वय 41, मूलबाळ नाही. परस्परसंमतीने घटस्फोट होऊन पाच महिने झाले आणि पोटगीपोटी एकरकमी 14 लाख मिळाले. त्यातले 10 लाख मामांच्या शब्दावर एका पतसंस्थेत 10 टक्क्यांनी ठेवलेत, 4 लाख बचत खात्यात आहेत. लग्नानंतर पुण्यात नऊ वर्षं नोकरी नव्हती. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यावर त्या सोलापुरात परतल्या. गेली चार वर्षं दोन महिने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतात. हातात 38 हजार पडतात, घरखर्च 28 हजार. ऑक्टोबरपासून तीन महिने एकटीने पोर्तुगाल, इटली आणि शेवटी व्हिएतनाम असा बेत आहे, खर्चाचा अंदाज 7 लाख 20 हजार. मालक म्हणतात, तीन आठवड्यांची रजा देतो, त्याहून जास्त हवी असेल तर राजीनामा द्या. आई म्हणते, पोटगीचे पैसे असे उडवलेस तर लोक तोंडात शेण घालतील. शेवटी ताईंचा प्रश्न: "मला स्वतःला शोधायला जायचंय. जाऊ की नको?"

ताई, जा. पण तीन महिन्यांसाठी नको, राजीनामा देऊन नको, आणि ऑक्टोबरमध्येही नको.

लोकांचं आधी उरकून टाकतो. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची मानली जाते, तिच्यावर आयकर लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा तसा जुना निर्णय आहे. दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्नात धरतात. तेव्हा हे 14 लाख पूर्ण तुमचे आहेत आणि त्यांचा हिशेब कुणालाही द्यायची गरज नाही. फक्त ते कशाचे पैसे आहेत ते एकदा नीट बघा. तुमच्या पीएफमध्ये आज सव्वादोन लाख आहेत असं तुम्ही लिहिलंय. 41 व्या वर्षी नोकरदार माणसाच्या खात्यात यापेक्षा बरंच जास्त असायला हवं. ते का नाही? मधली नऊ वर्षं तुम्ही दुसऱ्याचं घर चालवत होतात म्हणून. माझ्या हिशेबी हे 14 लाख म्हणजे त्या नऊ वर्षांचा राहून गेलेला पीएफ, उशिरा आलेला. म्हातारपणाची सोय आजमितीला एवढीच आहे.

आमच्या पैशाच्या सल्ल्याच्या धंद्यातली मंडळी इथे लगेच कॅल्क्युलेटर काढतात. 7 लाख 20 हजार 9 टक्क्यांनी 19 वर्षं वाढले तर साठाव्या वर्षी 37 लाख होतात, म्हणून बाई, सहल विसरा! हा आकडा खरा असला तरी अर्धाच आहे. महागाई 6 टक्के धरली तर त्या 37 लाखांची किंमत आजच्या हिशेबाने 12 लाखांच्या आसपास भरते. रक्कम मोठीच आहे, पण एवढ्यासाठी माणसाने जन्मभर घरात बसावं अशी नाही. सहलीच्या खर्चाने मी घाबरलो नाही. घाबरलो ते पत्रातल्या दुसऱ्या तीन गोष्टींनी. त्यातली एक तुम्ही विचारलीत, दोन सहज जाता जाता लिहून गेलात.

विचारलीत ती नोकरी. तीन महिन्यांचा पगार बुडणार, 1 लाख 14 हजार. परत आल्यावर दुसरी नोकरी मिळायला किती दिवस लागतील? पुण्यात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनच्या जागा सतत निघतात. सोलापुरात टॉवेलचे निर्यातदार मोजके, आणि एकाकडून सुटलेला माणूस दुसऱ्याकडे जाण्याआधी फोन फिरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. चार महिने धरू, म्हणजे आणखी 1 लाख 52 हजार. शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम. कायम नोकरीत ती सलग पाच वर्षं भरल्यावर लागू होते, तुमची भरायला दहा महिने बाकी आहेत. मूळ पगार 22 हजार धरला तर 15 भागिले 26 च्या सूत्राने पाच वर्षांचे सुमारे 63 हजार होतात. आज राजीनामा दिलात की तेही गेले. सगळं मिळून तुमची 7 लाख 20 हजारांची सहल साडेदहा लाखांना पडते. चौदातून साडेदहा गेले की उरतात साडेतीन, आणि घरी आई.

यात एक गंमतही आहे. युरोपसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि तो देणारा अधिकारी आधी बघतो की ही व्यक्ती परत येईल ना. त्यासाठी पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र मागतात. एकटी बाई, नुकताच घटस्फोट, नोकरीचा राजीनामा आणि तीन महिन्यांचा मुक्काम, अशी फाइल तुम्ही स्वतःच्या हाताने कमजोर करताय. व्हिसा नाकारला तर 90 युरोची फी परत मिळत नाही, आणि आधी काढून ठेवलेली तिकिटं अंगावर पडतात ती वेगळीच.

आता मामांची पतसंस्था. खरं सांगायचं तर मला तुमच्या इटलीपेक्षा हिची काळजी जास्त वाटते. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून दर ठेवीदाराला, दर बँकेमागे, व्याजासह 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये ही मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली. पतसंस्था या विम्यात येतच नाही. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेची नाही. 2022 मध्ये सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा निदान हा विमा तरी होता. तुमच्या 10 लाखांना तसला कसलाच आधार नाही. मामा संचालक आहेत, माणूस सरळ आहे, हे मी मान्य करतो. पण कर्जवसुली मामांच्या सरळपणावर चालत नाही. राष्ट्रीयीकृत बँक जे व्याज देते त्यापेक्षा इथे मिळणारं जादा व्याज म्हणजे त्या जोखमीची किंमत आहे. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कमी मिळेल. मिळू द्या. मामांना वाईट वाटेल, त्यांना माझं नाव सांगा.

ठेव मोडून आलेले 10 लाख तीन वेगळ्या बँकांत, प्रत्येकी 5 लाखांच्या बरेच आत ठेवा, म्हणजे व्याज धरूनही विम्याच्या मर्यादेत राहतील. त्यातून दरवर्षी दीड लाखापर्यंत पीपीएफमध्ये टाका आणि दरमहा थोडे इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात. पुढच्या 19 वर्षांचं नियोजन सविस्तर करू, पण त्याची घाई नाही. घटस्फोटानंतरचं पहिलं वर्ष मोठ्या गुंतवणुकीचे निर्णय घ्यायचं नसतं. या काळात नात्यातले एजंट भराभर उगवतात.

तिसरी गोष्ट तुम्ही एका ओळीत संपवलीत: "पुण्याचा फ्लॅट त्यांच्याकडे गेला, कर्ज तेच फेडणार असं हुकूमनाम्यात आहे, मी फक्त सहकर्जदार होते." होते नाही ताई, अजून आहात. कोर्टाचा हुकूमनामा तुम्हा दोघांमध्ये लागू होतो. बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती, तिचा करार दोघांच्या सह्यांवर उभा आहे. उद्या त्यांनी हप्ते थकवले तर बँक तुमच्याकडेही वसुलीला येऊ शकते आणि तुमचा सिबिल स्कोअर पडेल. तुम्हाला कळेल ते थेट उद्या सोलापुरात घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा. बँक नुसत्या अर्जावर नाव काढत नाही. एकट्या त्यांच्या पगारावर कर्ज बसतंय का ते तपासते, नाहीतर दुसरा सहकर्जदार मागते. म्हणून वकिलांमार्फत त्यांना लेखी कळवा आणि सहकर्जदार म्हणून तुमचं नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र हातात घ्या. तुम्ही परदेशात असताना हे काम हलणार नाही, इथे असताना मात्र पाठपुरावा करता येतो. ऑक्टोबरला माझा विरोध आहे त्याचं मोठं कारण हेच.

बाकी कागद पटकन होतात. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशनमध्ये आईचं नाव घाला. विमा पॉलिसी आणि बँक खाती एकेक करून तपासा, जुनं वारसनाव आपोआप बदलेल म्हणून वाट बघू नका. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून तुम्ही बाहेर पडलात, आणि तुमच्या कारखान्यात तसलं काही आहे असं पत्रात दिसत नाही. स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी या महिन्यातच घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून हे घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. पासपोर्टवर अजून सासरचं आडनाव असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन तो नव्याने काढून घ्या. 36 पानी पासपोर्टची साधी फी 1,500 रुपये आहे, आणि पासपोर्ट सेवा केंद्र सोलापुरातच पोस्टात आहे. तिकीट नव्या पासपोर्टवरच्या नावाने काढा.

आता सहल. मालक तीन आठवडे देतायत, ते घ्या. मागचे-पुढचे रविवार जोडले की 23-24 दिवस होतात. तीन देशांऐवजी एक, आणि तो व्हिएतनाम. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका प्रवेशाचे 25 डॉलर, मुदत 90 दिवसांपर्यंत. मुंबईहून थेट विमानं आहेत. एकट्या प्रवाशाला सगळ्यात जास्त लुटते ती खोली, कारण दोघांच्या खोलीचं भाडं एकटीच्या अंगावर येतं. युरोपात हीच रक्कम तुमच्या अंदाजाला सुरुंग लावेल. व्हिएतनाममध्ये 2,000-2,200 रुपयांत स्वच्छ, सुरक्षित खोली मिळावी. माझा ढोबळ हिशेब असा: विमान 35 हजार, मुक्काम 53 हजार, जेवणखाण 34 हजार, तिथली रेल्वे-बस 20 हजार, व्हिसा आणि प्रवास विमा 5 हजार, तिकिटं-खरेदी-किरकोळ 20 हजार. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणं-येणं आणि अडीअडचणीचा वाढावा धरून 2 लाखांत बसतं.

वेळेचंही बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये धो धो पाऊस असतो, होई आनसारखी नदीकाठची गावं पाण्यात जातात. 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी त्यांचं चांद्र नववर्ष, टेट, येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या. ते उलटल्यावर निघा आणि मार्चएंडच्या आधी परत या, म्हणजे मालकांची कुरकुर ऐकावी लागणार नाही. हनोईहून हो ची मिन्ह सिटीपर्यंत 1,726 किलोमीटरची रेल्वे आहे. ती एका दमात न करता ह्यू, दा नांग असं उतरत जा, एकेका गावात चार-पाच दिवस राहा. सामान रोज बांधत-सोडत फिरलात तर शोधायचं ते राहूनच जाईल, असं माझं मत. पैशाचा सल्लागार म्हणून ते कितपत ग्राह्य धरायचं ते तुम्ही ठरवा.

बचत खात्यातले 4 लाख असे वाटा: 2 लाख सहल, 1 लाख 70 हजार म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, आणि उरलेल्या 30 हजारांत आरोग्य विमा. सहा महिन्यांच्या खर्चाचं खातं आईसोबत संयुक्त करा, आईलाही ते चालवता येईल असं. पर्सनल लोनचे जे एसएमएस येतायत ते पुसून टाका. एखाद्या सहल कंपनीचं पॅकेज घेतलंत तर ती टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ भरला जाणारा आयकर, घेईल. पॅन बरोबर द्या आणि विवरणपत्र भरा. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे तुमची ती रक्कम परत मिळेल. पण विवरणपत्र भरलं नाहीत तर मिळणार नाही. तिकडे दोन कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. मशीनने "रुपयांत घेऊ का?" विचारलं तर नाही म्हणा आणि डाँगमध्ये, म्हणजे तिथल्या चलनातच, पैसे द्या, रुपयांत घेताना दर वाईट लावतात. भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

युरोप रद्द करा असं मी म्हणत नाही. दहा महिन्यांनी ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरतील, तोवर पासपोर्टवर एक परदेशवारी झालेली असेल आणि बँकेचं पत्र हातात असेल. त्यानंतर पोर्तुगालसाठी दरमहा 7 हजारांचं वेगळं आवर्ती खातं काढा. दोन वर्षांत व्याजासह पावणेदोन लाखांच्या वर जमतात, आणि 14 लाखांना हात लागत नाही. पतसंस्थेच्या ठेवीची पावती आणि पुण्याच्या कर्जाचं शेवटचं स्टेटमेंट एवढे दोन कागद मात्र मला या आठवड्यात पाठवा.